सव्वाआठचं पाणी

— अहो, पाणी पीत नाहीत म्हणून! दुसरं काय व्हायचंय, ताई? तो हिरवा पडदा दिसतोय ना, त्याच्यामागे तीन नंबरच्या खाटेवर सलाईन लावून पडलेत ते आमचे. माणसं उपासमारीनं पडतात हे ऐकलं होतं, पण घरात पिंप भरलेलं, नळाला धो धो पाणी आणि घरधनी तहानेनं आडवा — हा चमत्कार माझ्याच घरात व्हायचा होता. दहा दिवसांत ही दुसरी खेप. मागच्या वेळी तो पोरगेलासा डॉक्टर होता, त्यानं एक बाटली चढवली, 'पाणी कमी पडतंय, वाढवा' म्हणाला आणि दिलं घरी पाठवून. वाढवा! जसं काही मी पाण्याला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून हिंडते. आज मोठे डॉक्टर आहेत. त्यांनी रक्त काढून घेतलं, किडनीला काही झालंय का ते बघायचं म्हणाले, रिपोर्टला तासभर लागेल म्हणाले, आणि जाता जाता चष्म्यावरून बघत काय म्हणाले — 'घरी यांचं खाणं-पिणं कोण बघतं? त्यांना माझ्याकडे पाठवा.' म्हणून बसलेय इथे. मारतील हाक. मारू देत. माझं उत्तर तयार आहे — डॉक्टर, हे ऐकत नाहीत. बस्स. एवढं एकच वाक्य. पोटाचं ऑपरेशन तुम्ही केलंत, आता जमलं तर डोक्याचंही करून टाका म्हणावं, एकाच बिछान्यावर होऊन जाईल.

बसा ना. त्या टोकाला नका, तिकडचा पाय आखूड आहे, बाक डुगडुगतो. तुमचं कोण आहे आत? — कुणी नाही? तुमचंच ऑपरेशन? उद्या? वजनाचंच? अगंबाई! मग तर बसाच तुम्ही. बरोबर कोण आलंय? — जाऊबाई. औषधं आणायला गेल्यात. गेल्यात ना, मग येतील दोन तासांनी, खाली रांग बघितलीत का? तोवर ऐका माझं. ऑपरेशन कसं करतात ते सांगायला इथे पंधरा जण आहेत, नंतर घरी काय होतं ते सांगायला कुणी नाही. ती बघा पोस्टरवरची, जुनी भली मोठी पँट हातात धरून कशी हसतेय — तिला विचारा, बाई गं, तुला पाणी कोण पाजतं? हसणं कुठल्या कुठे पळेल.

आमचे बेकरीत आहेत, भट्टीवर. पावाचे ट्रे आत ढकलायचे, भाजले की बाहेर ओढायचे, दिवसभर तेच. ऑपरेशनच्या आधी एकशे अठ्ठेचाळीस किलो. तिथे सगळे पैलवान म्हणायचे, आता माजी पैलवान म्हणतात. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, जिना चढताना मधल्या पायरीवर बसून राहायचे आणि वर येऊन मला सांगायचे, शेजारी भेटले होते, बोलत थांबलो. आणि झोपेत — झोपेत श्वास थांबायचा हो त्यांचा. घोरत घोरत एकदम गप्प. मी मोजायची. एक, दोन, तीन — एकदा अठरापर्यंत गेले. दुसऱ्या माणसाचा श्वास कधी मोजलाय तुम्ही? एकदा मोजून बघा. नंतर जन्मात कशालाच 'असू दे' म्हणता येत नाही. पोरगी चार वर्षांची आमची, शाळेच्या दाखल्यावर तिला मोठं नाव आहे, घरात चिमटी. म्हटलं, हिला बाप पाहिजे. म्हणून हे ऑपरेशन. त्यांना तर नकोच होतं, भित्रे एक नंबरचे. मीच फॉर्म भरला, मीच तारीख घेतली, मीच मागे लागले. आणि ऑपरेशन झालं बघा फस्क्लास. पण हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात ना, तसं — एवढं पोट कापलं ते निभावलं, आणि अडलं कुठे, तर पाण्याच्या पेल्यापाशी!

पहिला सव्वा महिना काही कटकट नसते, घाबरू नका. सगळं पातळच. पाणी हेच जेवण आणि जेवण हेच पाणी. दिवसभर आपलं चुटूक चुटूक चालू, बाळासारखं. खरी परीक्षा घास सुरू झाल्यावर. आता अन्न आणि पाणी एकमेकांना भेटू द्यायचं नाही, सासू-सुनेसारखं. का म्हणून काय विचारता? मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते, जुने पेशंट, दुसऱ्या काही दुखण्यासाठी आलेले. खाता खाता त्यांनी गटागट पाणी प्यायलं — आणि मग जे झालं ते! छातीवर हात, डोळे पांढरे, सगळं चादरीवर. नर्स त्यांच्यावर ओरडली, 'किती वेळा सांगायचं? पोट आता केळ्याएवढं राहिलंय तुमचं!' केळ्याएवढं, ताई. आणि त्या केळ्याला वरपासून खालपर्यंत टाके. मास्तर दुपारी बसून पेपर वाचत होते, त्यांना काही नाही झालं, पण माझ्या काळजात ते केळं जे बसलं ते बसलं. मी मनाशी म्हटलं, एक घोट चुकीच्या वेळी गेला की टाका उसवला. एक टाका उसवला की दुसरा. शिवणकाम येतं मला, मला माहीत आहे धागा कसा सुटत जातो ते.

नियमांचा कागद मिळेल तुम्हालाही. त्यात लिहिलेलं असतं — खाण्याच्या आधी अर्धा तास आणि खाल्ल्यावर अर्धा तास पाणी घेऊ नये. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं. एरवी दिवसभर घोट घोट पाणी चालू ठेवावं, दीड-दोन लिटर जायला पाहिजे. मी सातवी शिकले, पुढं शिकवलं नाही, धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवलं — पण सातवीत वर्गात गणिताला मी पहिली होते हां. हौदाला दोन नळ, एकानं भरतो, दुसऱ्यानं रिकामा होतो, तर हौद भरायला तास किती — ते गणित मास्तर मलाच फळ्यावर सोडवायला लावायचे. तेव्हा कागद मला नीट कळला. आणि त्यावरून मला हेही कळलं की डॉक्टर लोक कमीच सांगतात. माणूस घाबरू नये म्हणून. अर्धा तास लिहिलाय? मी पाऊण केला. आधीही पाऊण, नंतरही पाऊण. टाक्यांचा प्रश्न आहे, पंधरा मिनिटांसाठी कशाला विषाची परीक्षा घ्या! सहा वेळा खायला लिहिलंय? मी आठ वेळा देते. भट्टीवर उभं राहणारा माणूस, सहा वेळा चार-चार चमचे खाऊन कोसळेल की नाही? सासूबाई म्हणाल्या, 'डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का गं?' म्हटलं, डॉक्टर रात्री त्यांचा श्वास मोजायला येत नाहीत.

हे बघा, आणलंय मी. वेळापत्रक. डॉक्टरांना दाखवायलाच आणलंय. चिमटीच्या चित्रांच्या वहीचा कागद आहे, मागच्या बाजूला कोंबडी काढलीय तिनं, तिकडे नका बघू, ह्या बाजूनं बघा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजवर लावला होता, म्हणून एवढा स्वच्छ राहिलाय. सात — प्रोटीनच्या पावडरचं दूध. सव्वाआठ — पाणी. नऊ — अंड्याचं पांढरं, कुस्करून. सव्वादहा — पाणी. अकरा — घट्ट डाळ. सव्वाबारा — पाणी. एक, मग सव्वादोन पाणी, तीन, मग सव्वाचार पाणी — असं थेट रात्री नऊपर्यंत. घास वीस वेळा चावायचा असतो, म्हणून प्रत्येक खाण्याला धरून अर्धा तास. पाणी लाल पेननं लिहिलंय, खाणं निळ्यानं. सात वेळा पाणी! म्हणजे मी पाणी देत नाही असं कुणाच्या बापानं म्हणायची सोय नाही. आवडलं ना? घ्या, फोटो काढून घ्या मोबाइलमध्ये. काढा हो, लाजता काय? असं तुम्हाला ह्या हॉस्पिटलात कुणी करून देणार नाही. नीट आला का? लाल वाचता येतंय ना?

तर सव्वाआठ वाजले की मी पेला घेऊन समोर उभी. हॉस्पिटलनंच दिलेला इवलासा पेला असतो, खोकल्याच्या औषधाच्या मापाहून जरासा मोठा. मी एक नाही, दोन भरते. आणि साहेब काय करतात? एक घोट घ्यायचा. मग भिंतीकडे बघायचं. मग दुसरा घोट. मग छातीवर हात ठेवून, 'सावकाश जातं गं.' सावकाश जातं तर जाऊ दे, पण घड्याळ थांबतंय का तुमच्यासाठी? तेवढ्यात वेळ संपते. मी पेला उचलते. एक कसाबसा संपलेला, दुसरा भरलेलाच. आणि मग अर्ध्या तासानं ओठांवरून जीभ फिरवत स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, चिमटी चॉकलेटसाठी उभी राहते ना, तसं. 'थोडं पाणी —' अहो, दिलं होतं तेव्हा का नाही प्यायलं? वेळेवर दिलेलं संपवायचं नाही आणि अवेळी मागायचं, ही कुठली पद्धत? बोला ना. — बोलणार नाहीत. माझं कधी मोडलं नाही त्यांनी, ते एक बरं आहे. एवढं मोठं धूड, पण भांडण कसं करतात ते माहीत नाही. 'बरं' म्हणायचं आणि जायचं.

भांडायला त्यांच्या आई आहेत ना! सासूबाईंचा लेक म्हणजे तळहातावरचा फोड. 'अगं, घोटभर पाण्यानं काय होतंय? ओठ बघ त्याचे, सालं निघालीत.' मी म्हटलं, घोटभरच घोटभर, घासभरच घासभर करत तुम्हीच त्यांना एकशे अठ्ठेचाळीसपर्यंत नेलंत, आता उतरवताना मध्ये येऊ नका. — हे नको होतं बोलायला. बोलले. तोंडातून गेलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण बोलल्या नाहीत म्हणून गप्प बसल्या असं नाही हां! ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणे, ह्या पाण्याला जाऊन पेला लपवायच्या — पदराखाली. तिसऱ्या वेळी पकडल्यावर मी स्वयंपाकघराला कडी घातली. कुलूप नाही हां, ताई. कडी. वरची. काढायला येते की कुणालाही, फक्त वाजते.

आणि चिमटीला ठेवलं पहाऱ्यावर. सांगितलं, बाबांनी पाणी प्यायलं की आईला सांगायचं, आई तुला वहीत चांदणी काढून देईल. आहाहा! पोलीस झाली पोरगी. 'आईऽऽ! बाबा पाणी पितायत!' — जिन्याखाली ऐकू जायचं. खालच्या बाई मला म्हणाल्या, आमच्याकडे दारू पितात त्याची एवढी बोंब होत नाही. हसू आलं मला. सगळ्यांनाच आलं. हे पण हसले, ओठ दाबून, मोठं हसलं की ओठ फाटून रक्त यायचं ना. सात चांदण्या मिळवल्या होत्या तिनं.

बेकरीत कामावर जाऊन दहा-बारा दिवस झाले. आता तिथे कोण बघणार? काउंटरवर एक चष्मेवाले आहेत, यांचे जुने मित्र, त्यांना मी फोन करते. सव्वाबाराला पाणी घेतलं का? घेतलं. मग आता मागितलं तरी देऊ नका. ते म्हणतात, 'वहिनी, माणूस भट्टीच्या तोंडाशी उभा आहे, बनियन पिळलं तर बादली भरेल, एक घोट —' मी म्हटलं, भावजी, टाके तुमच्या पोटाला नाहीत. त्यांनी फोनच ठेवला. आता उचलत नाहीत. लागला राग! सत्य सगळ्यांनाच लागतं. आणि गुण येत नव्हता असं नाही हां. काल काट्यावर उभं केलं — दहा दिवसांत सात किलो! मी टाळ्या वाजवल्या. काट्यावर दार धरून उभे होते, हलत होते जरा. डोकं दुखतं म्हणायचे, डोळ्यांपुढे काजवे म्हणायचे, लघवी चहासारखी होते म्हणायचे — म्हटलं, पावडरनं होत असेल, ती पावडरच तपकिरी आहे.

नाही हो, लपवलं काही नाही मी इथे. मागच्या तपासणीला त्या आहाराच्या मॅडमनी विचारलं की यांना, 'पाणी किती जातं?' हे माझ्याकडे बघायला लागले. मग मीच सांगितलं, नियमानं चालू आहे मॅडम, एक मिनिट इकडे-तिकडे होत नाही. मॅडमनी लिहून घेतलं, 'छान' म्हणाल्या. छान म्हणाल्या, ऐकलंत? आमच्या घरात बोलायला एक पुरतं. दोन बोलायला लागली की गोंधळ होतो.

आणि चिमटीचं सांगायचं राहिलंच. बालवाडीत नेते ती बाटली आहे तिची, गुलाबी, वर नळी. रोज रात्री धुवायला घ्यावी तर रिकामी. मी खूश — पोरगी पाणी प्यायला शिकली! ह्या घरात एक तरी माणूस शहाणा निघाला. मग परवा दाराच्या फटीतून बघते तर काय — पलंगाच्या पलीकडे फरशीवर दोघं बसलेली. तो एवढा शंभरावरचा बाप्या, मांडी घालून, गुलाबी नळी तोंडात, गाल आत गेलेले, डोळे मिटलेले. आणि ही त्यांच्या कानाशी — 'लवकर लवकर, बाबा, आई येईल.' बाटली रिकामी नव्हती आणत ती, ताई. भरलेलीच आणायची. शाळेत स्वतः पीत नव्हती, त्यांच्यासाठी राखून ठेवत होती. — आता तुम्हीच सांगा, आई म्हणून काय करावं माणसानं? दिला एक धपाटा. पाठीत. जोरात नाही. म्हणजे — बोटं उठली नाहीत. बाटली कपाटावर टाकली आणि सातही चांदण्या खोडल्या. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हेच म्हणाले, 'तिला नको मारूस, मी नाही पिणार.' आणि नाही प्यायले. शब्दाचे पक्के आहेत त्या बाबतीत.

आज सकाळी? सांगितलं ना मघाशी — नाही सांगितलं? बाथरूममध्ये पडले. चक्कर आली. म्हणजे — हो, आधी चक्कर, मग पडले. झालं असं, साडेसातला दूध संपलं. पावणेआठला आत गेले. नळाचा आवाज. म्हटलं, तोंड धुतायत. पण तोंड धुताना पाणी खाली पडल्याचा आवाज येतो की नाही? तो येईना. मी दार ढकललं. खाली गुडघ्यांवर बसलेले, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि नळाखाली ओंजळ. मी म्हटलं, अजून अर्धा तास आहे. तर म्हणाले, 'एकच ओंजळ.' म्हटलं, सव्वाआठला. म्हणाले, 'एकच गं.' आणि मग नळ — नळ बंद केला. — कुणी म्हणजे? मी. दुसरं कोण होतं तिथे? — असं काय बघताय, ताई? टाके उसवले असते तर? तेव्हा तुम्ही आला असतात? — ओंजळीत होतं ना पाणी, तेवढं तरी प्यायचं. मी काही हात धरला नव्हता. नाही प्यायले. माझ्याकडे बघितलं आणि ओंजळ उघडली. पाणी खाली गेलं, सगळं. मग उठायला लागले, भिंतीला हात लावला, आणि — आवाज झाला. सासूबाई धावत आल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा माझ्यावरच ओरडायला लागल्या, 'मारलंस गं माझ्या लेकराला!' बघा! पाणी चोरून पाजणार ह्या, सवय बिघडवणार ह्या, आणि मारलं कुणी? मी!

काय म्हणालात? — मग पाणी कधी? इतकं सांगितलं तरी पुन्हा तेच! अहो, सव्वाआठला. फोटो आहे ना तुमच्याकडे, बघा की लाल अक्षरांत. — सव्वाआठ ते किती? ते किती म्हणजे? सव्वाआठला पाणी. सव्वाआठ ते — थांबा. द्या तो कागद इकडे. सोपं आहे. सात ते साडेसात दूध. त्यानंतर पाऊण तास पाणी नाही, म्हणजे सव्वाआठपर्यंत नाही. बरोबर? सव्वाआठला सुरू. नऊला अंडं. त्याच्या आधी पाऊण तास नाही, म्हणजे — नऊमधून पाऊण — म्हणजे सव्वाआठपासून नाही.

सव्वाआठपर्यंत नाही आणि सव्वाआठपासून नाही.

नाही नाही, कुठंतरी चुकलं. दुसरं धरते. नऊ ते साडेनऊ अंडं. पाऊण तास — सव्वादहा. अकराच्या आधी पाऊण तास — सव्वादहा. — तुम्ही बोलू नका मध्ये, हिशेब चुकतो माझा. अकरा ते साडेअकरा, सव्वाबारा. एकच्या आधी — सव्वाबारा. उठतात साडेसहाला. सातला दूध, त्याच्या आधी पाऊण तास, तेही नाही. रात्री नऊ ते साडेनऊ, पुढे पाऊण, सव्वादहा. दहालाच झोपतात ते.

एकेक पेला. दोन ओतायची मी, एकच जायचा. सात वेळा सात पेले. ते इवलेसे. दिवसभरात. भट्टीपुढे.

कागदात अर्धा तास होता, ताई. अर्धाच ठेवला असता तर आठ ते साडेआठ रिकामा होता. साडेआठपर्यंत बसून एकेक घोट — सावकाश जातं गं म्हणायचे ना, सावकाश गेलं असतं. सहाच वेळा खायला दिलं असतं तर तास तास मिळाला असता. ती पंधरा मिनिटं मी वाढवली. ती दोन खाणी मी वाढवली. जपायला म्हणून. हौदाचं गणित मला तोंडपाठ यायचं हो. फळ्यावर. सगळ्या वर्गासमोर.

कुणी हाक मारली का? — तीन नंबर? तीन नंबरच म्हणाली ना ती? रिपोर्ट आला असेल. थांब म्हणावं. एक मिनिट. — ताई, तो फोटो. पुसा तो. मोबाइल काढा, आत्ता, माझ्यासमोर पुसा. जाऊबाईंना पाठवला नाही ना? त्या हौशीनं फ्रिजवर लावतील. पुसला? दाखवा. बरं. आणि हे पण फाडून टाकते, कोंबडी आहे मागे, असू दे कोंबडी, दुसरी काढील ती — नको. राहू दे. फाडला तर डॉक्टरांना दाखवू काय? ते एक वाक्य? हे ऐकत नाहीत म्हणून? ऐकतात हो ते. ऐकतात, हेच तर झालं सगळं.

आले, आले! ऐकू येतंय मला, बहिरी नाही मी! — हो, तीन नंबर. हो, घरी मीच बघते. खाणं पण मीच, पाणी पण मीच. मीच. — आणि तुम्ही हो, मघापासून बाटली नुसती मांडीवर धरून काय बसलात? प्या. अन् पाय घ्या जरा तिकडे, जाऊ द्या मला.